काटकसरीचं सुतक

घरात काटकसर शिरली ती आषाढात, आणि भादवा लागेपर्यंत तिने नलूबाईंच्या स्वयंपाकघरात चांगलंच बस्तान बसवलं. सकाळचा चहा अर्ध्या कपावर आला, दुपारचा गेलाच. टीव्हीचं रिचार्ज संपलं ते पुन्हा कोणी मारलं नाही. नवऱ्याचं, अण्णाजींचं, वर्तमानपत्र बंद केलं, तर ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन वाचू लागले, आणि फुकट बसायला संकोच वाटतो म्हणून एक दिवसाआड दाढी करून घेऊ लागले. वर्तमानपत्रापेक्षा दाढी महाग पडते हे त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती. थोरली सून मंजुषा हिने फोडणीचं तेल इतकं कमी केलं की भाजी कढई सोडायला तयार होईना. कात्री सगळीकडे चालली. फक्त ज्याच्या कर्जापायी हे सगळं चाललं होतं त्या गोपालचा तंबाखू-सुपारीचा खर्रा तेवढा चालू होता, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे खर्रा बंद केला की डोकं चालत नाही, आणि कर्ज फेडायचं तर डोकं चालायला पाहिजे.

गोपाल हा नलूबाईंचा थोरला. हिंगणघाटातल्या एका खाजगी शाळेत कारकून. शाळा-कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून त्याने घरदुरुस्तीच्या नावाखाली कर्ज उचललं आणि ते त्याच पतसंस्थेच्या संचालकपदाच्या निवडणुकीत उडवलं. हायवेवरच्या ढाब्यावर सभासदांच्या पंगतीमागून पंगती उठल्या. मटण गोपालचं खाल्लं आणि मतं दुसऱ्याला दिली, यात तसा सभासदांचा दोष नव्हता. दुसऱ्यानेही मटणच घातलं होतं आणि वर कुल्फी दिली होती. घर होतं तसंच राहिलं. निवडून आलेले ते गृहस्थ आता वसुली बघत होते, आणि हप्ते थकल्याची नोटीस त्यांच्याच सहीने आली. तीही गोपालला एकट्याला नाही. कर्जाला जामीन राहिलेला धाकटा भाऊ प्रफुल दुसऱ्या शाळेत शिपाई होता, त्यालाही आली. येत्या दिवाळीपासून त्याच्या पगारातून कपात होणार होती. तेव्हापासून प्रफुल गोपालशी बोलत नव्हता. काही सांगायचं झालंच तर शेजारी बसलेल्या भावाला ऐकू जाईल अशा बेताने मंजुषाला सांगायचा.

हे सगळं नलूबाईंनी निभावून नेलं. गुडघ्याला लावायचं मलम त्यांनी आपणहून बंद केलं आणि कोणाला कळूही दिलं नाही. पण मग महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, तोंडावर आल्या, आणि एका सकाळी गोपाल दात कोरत म्हणाला की यंदा महालक्ष्म्या नाही बसवल्या तर एका झटक्यात मोठी बचत होते.

वर्षभर पै पै वाचवावी आणि महालक्ष्म्यांच्या एका जेवणात सगळी घालवावी, असा तो मामला होता हे खरं. पुरणपोळ्या, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या, आणि जेवायला सगळी भाऊकी. या जेवणाला भाऊकीतल्या माणसाला आमंत्रण लागत नाही. तो येतो आणि पाटावर बसतो, आणि आलेल्या माणसाला त्या दिवशी कोणी जा म्हणत नाही, मग त्याच्याशी कितीही वाकडं असो. नलूबाईंचा जीव अडकला होता तो या शेवटच्या गोष्टीत.

कारण त्यांना हरिदासची वाट होती. हरिदास म्हणजे अण्णाजींचा सर्वांत धाकटा भाऊ. सासू गेली तेव्हा तो रांगत होता आणि नलूबाई नव्या नवरी होत्या. गोपाल-प्रफुल पुढे झाले, आई त्या आधी हरिदासच्या झाल्या. मोठा झाल्यावर त्याला जुना ट्रक घ्यायचा होता, कर्जाला जामीन पाहिजे होता. अण्णाजी तेव्हा सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, त्यांच्या सहीला वजन होतं. त्यांनी सही दिली नाही. आपल्या घरात कर्ज कोणी केलं नाही आणि करणार नाही, असं त्यांनी चार लोकांत सुनावलं. शब्दाने शब्द वाढला आणि अण्णाजी म्हणाले, तू माझ्यासाठी मेला. हरिदास हैदराबादच्या रस्त्याने गेला तो गेलाच. आता आदिलाबादच्या पुढे कुठेतरी त्याचं पंक्चरचं दुकान होतं, एवढं शेजारच्या तानाबाईंच्या मुलाकडून, रुपेशकडून कळत असे. रुपेश त्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. मेला म्हणणाऱ्यानेच बोलवायला पाहिजे, त्याच्या पाठीमागे आपण बोलावणं बरं नाही, असं नलूबाईंचं मत. पण महालक्ष्म्यांच्या दिवशी तर बोलवावंच लागत नाही. दरवर्षी त्या वाढताना दाराकडे बघायच्या. तोच दिवस बंद झाला तर हरिदासने यावं तरी कोणत्या दिवशी?

त्यांनी नाही म्हटलं. गोपालने वाद घातला नाही, आणि नलूबाई निर्धास्त झाल्या. इथेच चुकलं. आपला मुलगा वाद घालत नाही म्हणजे तो काहीतरी करून बसला आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी तानाबाई मागच्या दाराने आल्या, पदर तोंडाला लावून, आणि न बोलता नलूबाईंचा हात धरून बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, कोण गेलं? नलूबाईंना समजेना. मग उलगडा झाला. यंदा जेवण कधी म्हणून जो कोणी विचारील त्याला गोपाल बाजारात, शाळेत, पानठेल्यावर सांगत सुटला होता की यंदा जमत नाही, सुतक आहे. पैसे नाहीत म्हणावं तर अब्रू जाते. सुतक आहे म्हटलं की लोक हळहळतात आणि पुढचं विचारत नाहीत.

हिशेब चांगला होता. फक्त एक गोष्ट गोपाल विसरला. सुतक काही एका घरापुरतं ठेवता येत नाही. गोपालच्या घराला सुतक तर ते समुद्रपूरच्या महादेवरावांनाही, देवळीच्या बाबारावांनाही, आणि ज्या ज्या घराचं आडनाव एक त्या सगळ्यांना. बातमी तिकडे पोचली आणि भाऊकीत फोनाफोनी झाली. आपापली माणसं मोजून झाली. सगळी जागच्या जागी होती. मग गेलं कोण, हे विचारायला रविवारी भाऊकी अण्णाजींच्या दारात येऊन उतरली.

महादेवराव एस.टी.ने आले. ते भाऊकीत वयाने मोठे, अण्णाजींचे चुलत भाऊ. बाबाराव मोटारसायकलवर आले, मागे बायको. आणखी दोन घरची माणसं मागोमाग आली. सुतकाच्या घरी चहा घेत नाहीत, पण सुतक तर सगळ्यांनाच होतं, त्यामुळे सगळ्यांनी घेतला. पाहुण्यांना अर्धा कप देता येत नाही. श्रावणभर वाचवलेली साखर नलूबाईंनी त्या दुपारी पातेल्यात ओतली, आणि मदतीला आलेल्या तानाबाई आल्याचा तुकडा ठेचत शेजारी बसल्या.

बैठकीत महादेवरावांनी टोपी मांडीवर काढून ठेवली आणि गोपालला सरळ विचारलं. गोपालने तयारी केली होती. अमरावतीकडे एक म्हातारी चुलत आजी होती, तिचं नाव त्याने पुढे केलं. बाबारावांनी मान हलवली.

"थे म्हातारी काल सांजीले माह्याशी फोनवर भांडली," ते म्हणाले. "अर्धा तास. मेलेली नाई वाटली."

कोणी हसलं नाही. गोपालने घाम पुसला. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि ज्याच्याकडे कोणी फोन करून खात्री करणार नाही असा माणूस त्याला एकाएकी आठवला.

"मले लपवून ठेवा लागलं, बाबाहीच्या तब्येतीपाई," तो खाली बघून म्हणाला. "हरिदास काका गेले. परवा. तिकडूनच फोन आलता, दुकानाच्या बाजूच्या हॉटेलवाल्याचा. बसल्या जागी अटॅक आला म्हने."

सुतक ही थाप हे ठाऊक असूनही स्वयंपाकघरात नलूबाईंच्या हातात गाळणी तशीच राहिली. चहा भरून सांडला, खाली आला, त्यांच्या पायावर पडला आणि पोळल्याचं त्यांना कळलंही नाही. त्यांना रांगणारा हरिदास दिसला, ट्रकचे कागद हातात घेऊन उभा असलेला दिसला. इतक्या वर्षांत एक फोन केला नाही आपण, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात दाबला.

तानाबाईंनी त्यांचा खांदा धरला. "नलूबाई, ऐका," त्या कुजबुजल्या. "माहा रुपेश काल सकाळी त्याच्याच दुकानावर होता. टायर बसवून घेतला त्यानं. हरिदासनंच बसवून देल्ला. परवा मेलेला मानूस काल टायर कसा बसवन?"

नलूबाई मोरीजवळच्या ओट्यावर बसल्या. आधी त्यांना रडू आलं, मग हसू, आणि त्यानंतर जो राग आला तो त्यांना स्वतःलाच नवा होता. तो अंगात भिनेपर्यंत त्या तिथेच बसून बाहेरचं ऐकत राहिल्या.

बाहेर काम पुढे सरकलं होतं. सख्खा भाऊ गेला म्हणजे अण्णाजींना डोकं भादरावं लागणार, दहा दिवस पाळावे लागणार, असं महादेवराव सांगत होते. आणि तेरवी. तेरवी अण्णाजींनीच करायची, दुसरं आहेच कोण. बाबाराव बोटांवर माणसं मोजू लागले. भाऊकी, सोयरे, शिवाय हरिदासचे जुने दोस्त. गोपालचा चेहरा उतरत गेला. महालक्ष्म्यांच्या पंगतीतून सुटायला म्हणून त्याने काका मारला, आणि आता त्याहून मोठी पंगत त्याच्या अंगावर येत होती. तो घाईघाईने म्हणाला की बातमी तशी पक्की नाही. हॉटेलवाला तेलगू बोलत होता, आपल्याला नीट समजलं नसेल.

यावर महादेवराव चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. बराच वेळ ते टोपीची घडी घालत राहिले, आणि मग त्यांनी आवाज खाली आणला.

"पक्की नसन तं नसो," ते म्हणाले. "खरं सांगू का गोपाल, सुतकाचं आयकलं आन मले हलकं वाटलं. पोरानं गाडी घेतली हप्त्यावर. गाडी उभी आहे दारात, पेट्रोल टाकाले पैसे नाई. यंदा महालक्ष्म्या कशा कराव्या म्हनून मले झोप नोयती."

एकदा झाकण उघडल्यावर मग कोणी मागे राहिलं नाही. बाबारावांनी मुलाच्या मोबाइलच्या दुकानासाठी उचललेल्या रकमेची गोष्ट सांगितली, आणि सुतक कळल्याबरोबर आपण किराण्याची ऑर्डर रद्द केली हेही सांगून टाकलं. बाकीच्या दोन घरांत एकाकडे लग्नाचं कर्ज निघालं, एकाकडे कशाचं ते त्यांनाही नीट सांगता येईना. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भीतीने दरवर्षी सोळा भाज्या करत होता. गोपालच्या थापेने इतकी घरं एकदम सुटली होती, आणि आता ते सुतक कोणालाही हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

मग सगळ्यांनी डोकी जवळ आणली. महालक्ष्म्या उठेपर्यंत हरिदासला गेला असं धरायचं. नंतर बातमी खोटी निघाली म्हणायचं. तेरवीचा प्रश्न येत नाही, डोकं भादरायचा येत नाही, आणि हरिदास इतक्या लांब आहे की त्याला कळतही नाही. इतका वेळ भिंतीला टेकून बसलेला प्रफुल पुढे सरकला. "दादा बरोबर म्हनून राह्यला," तो म्हणाला. आषाढानंतर तो भावाबद्दल थेट असा पहिल्यांदाच बोलला, आणि गोपालचे डोळे भरून आले. दोघा भावांचा समेट असा काकाच्या मढ्यावर झाला.

राहिला फक्त अण्णाजींचा होकार. सख्ख्या भावाने मानलं तरच भाऊकी मानणार. अण्णाजी सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. सकाळीच केलेली दाढी त्यांच्या गालावर चकाकत होती.

"थो माह्यासाठी तवाच मेलता," ते म्हणाले. "भाऊकीची सोय होत असन तं होऊ द्या."

नलूबाई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या. मोठ्या दिरासमोर त्या कधी उंबऱ्याच्या अलीकडे आल्या नव्हत्या, त्यामुळे महादेवराव जरा सावरून बसले. चहा मिळेल असं कोणालातरी वाटलं असावं, कारण दोन रिकामे कप पुढे झाले.

"तेल कमी केलं, साखर कमी केली," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "तुमी म्हन्लं थे थे मी कमी केलं. मानूस कमी नाई करत मी."

महादेवरावांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की नलू, खरंखुरं कोणी कोणाला मारत नाही, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. गोपाल म्हणाला, आई, तुला व्यवहार समजत नाही. नलूबाई मंजुषाकडे वळल्या. हरिदासचा नंबर रुपेशने मंजुषाच्या फोनमध्ये टाकून दिला होता. त्यांनी सुनेला तो लावायला सांगितलं.

मंजुषाने नवऱ्याकडे पाहिलं. गोपाल मानेने नको नको करत होता. दोन महिने बिनतेलाच्या भाज्या करून त्यावरची बोलणी खाल्लेली ती बाई. तिने शांतपणे नंबर लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि फोन सासूच्या हातात दिला.

बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग ट्रकच्या हॉर्नच्या गोंगाटातून कोणीतरी हिंदीत विचारलं, कौन?

"हरिदास, मी नलू वहिनी बोलून राह्यली."

पलीकडे हवा भरायच्या मशीनची धडधड तेवढी ऐकू येत होती. मग कोणीतरी ती बंद केली.

"वहिनी," हरिदास म्हणाला. त्याचा आवाज जाड झाला होता, त्यांनी ओळखला नसता. "भाऊ गेला काय?"

पुढे झालेले दोन कप हळूच मागे गेले.

"वहिनी, खरं सांग. इतक्या वर्साचा तुहा फोन, दुसरं काय असन. मी निंगतो आत्ताच. मी येईस्तोवर उचलू नोका म्हना त्याले. वहिनी, मले एकडाव त्याचं तोंड पाहू द्या."

नलूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी फोन अण्णाजींच्या समोर धरला. अण्णाजींनी तो घेतला नाही. त्या धरून उभ्या राहिल्या. पलीकडे हरिदास रडू लागला होता, आडदांड माणूस रडतो तसा, नाक ओढत, आणि मधून मधून वहिनी, वहिनी म्हणत होता. शेवटी अण्णाजींचा हात वर आला.

"नाई गेलो," ते म्हणाले. "आहो मी. जिता आहो."

रडणं थांबलं. अण्णाजींचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. सही न देणारा, चार लोकांत सुनावणारा तो माणूस चार लोकांतच बसला होता आणि प्रत्येकजण त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"आपल्या घरी महालक्ष्म्या आहे," ते एकदाचे म्हणाले. "जेवाले येजो. मी बोलावून राह्यलो तुले."

हरिदासने काय उत्तर दिलं ते कोणाला नीट ऐकू आलं नाही. महादेवरावांनी टोपी डोक्यावर घातली. भाऊकीचं सुतक संपलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घरातलं माणूस गेल्यासारखी कळा होती. बाबाराव अंगणात गेले आणि देवळीच्या किराणावाल्याला फोन लावून, रद्द केलेली ऑर्डर पुन्हा धरा, पैसे दिवाळीनंतर देऊ, असं हळू आवाजात सांगू लागले. गोपाल आणि प्रफुल एकमेकांकडे न बघता बसले होते. त्यांचा समेट जेमतेम अर्धा तास टिकला.

नलूबाईंनी मंजुषाला पुन्हा चहा ठेवायला सांगितलं. मंजुषाला आपला फोन परत पाहिजे होता. फोन केव्हाच बंद झाला होता, पण अण्णाजी तो कानाशी घट्ट धरून बसले होते, आणि तो त्यांच्याकडे मागायचं तिला धैर्य झालं नाही.